चाळणीतून निघालेला नंबर

टेकमान घर्ती रिसेप्शनमधल्या सोफ्यावर बसलासुद्धा नव्हता. उभाच होता. कपाळावरचा दही-अक्षतांचा लाल टिका वाळून त्याचे पोपडे निघायला लागलेले, गळ्यात निरोपाचा पांढरा रेशमी खादा, पायाशी फुगलेली बॅग, आणि बॅगेच्या चेनमधून झेंडूची माळ बाहेर लोंबत होती, रोल्पाहून रात्रभराच्या बसने पार चेंदामेंदा झालेली. म्हणजे घरून वाजतगाजत निरोप घेऊन निघालेला माणूस, बघताक्षणी कळावा असा.

आणि प्रज्वल सर, या सॉफ्टवेअर कंपनीचे साहेब, त्याला अक्कल शिकवत होते.

जुनु महर्जन नुकती खाली खाजा, म्हणजे दुपारचं खाणं, खाऊन जिना चढून आली होती, बोटांना अजून बाऱ्याचं, डाळीच्या धिरड्याचं, तेल होतं, आणि दार ढकलते तर हे कानावर. सर म्हणत होते, अगदी गोड आवाजात म्हणत होते, की दाइ, म्हणजे दादा, मोबाईलवर आलेल्या प्रत्येक मेसेजवर विश्वास ठेवायचा नसतो. हल्ली ठग फार झालेत. तुमच्यासारख्या मास्तर माणसाने तरी बघायला नको का, विचारायला नको का, उचलली बॅग आणि आलात थेट काठमांडूला?

टेकमान ऐकून घेत होता. मान खाली नव्हती त्याची, पण कान लाल झाले होते. तो एवढंच म्हणाला, की विचारलं ना सर, ज्या कंपनीकडे पोलंडच्या नोकरीसाठी मुलाखत दिली होती आज सकाळी आधी तिथेच गेलो. तिथल्या मुलीने मेसेजमधला संदर्भ क्रमांक घातला कॉम्प्युटरमध्ये. कॉम्प्युटर म्हणाला बरोबर आहे. मग तिने त्या क्रमांकाची फाईल शोधली तर फाईलच नाही. क्रमांक बरोबर, माणूस नाही. असं कसं, म्हणून तिनेच तुमचा पत्ता दिला, की हे सगळं ज्यांनी बनवलं त्यांना विचारा.

आणि त्याने मोबाईल पुढे केला. सरांनी बघितलं न बघितल्यासारखं केलं. जुनुने बघितलं.

अभिनंदन, आपली निवड झाली आहे, मूळ कागदपत्रं घेऊन कार्यालयात हजर व्हा. खाली संदर्भ क्रमांक. त्यातली पहिली दोन अक्षरं जुनुने वाचली आणि पुन्हा वाचली. तिथे जिल्ह्याची दोन अक्षरं असायला हवीत. ही दोन अक्षरं अख्ख्या नेपाळात कुठल्याच जिल्ह्याची नव्हती. असे क्रमांक एकच यंत्र काढतं, आणि ते यंत्र जुनुने स्वतः बनवलं होतं.

आता हे यंत्र म्हणजे काय ते सांगायलाच हवं, नाहीतर पुढची गंमत कळणार नाही. गंमत कसली, संतापच.

जुनुचं काम टेस्टिंगचं. दुसऱ्यांनी बांधलेलं मोडून बघायचं आणि मोडलं की जाऊन सांगायचं, मोडलं बरं का. तर कुठल्याही फॉर्मच्या दाराशी एक चाळणी बसवलेली असते, रेजेक्स म्हणतात तिला. चाळणी म्हणजे एका ओळीचा नमुना. आधी नऊ आणि आठ, मग पुढे आठ आकडे, बस्स, याला मोबाईल नंबर म्हणायचं. या नमुन्यात बसेल तो आत, नाही बसला की बाहेर. झाडून सगळे ती अशीच वापरतात, वरून काहीतरी टाका आणि खाली काय पडतं ते बघा. आणि टेस्टिंगवाले बिचारे दिवसभर बसून हाताने खोटे नंबर बडवत बसतात, शून्य शून्य शून्य, एक दोन तीन. जुनुला त्याचा असा काही वीट आला की तिच्या डोक्यात एक दिवस लख्ख झालं. ही चाळणी आत काय घ्यायचं ते जाणते ना? मग तिलाच का नाही सांगायचं, की बाई, तुला काय काय चालतं ते तूच करून दाखव.

आणि केलं तिने. चाळणी उलटी चालवली. वर नमुना द्यायचा, खाली त्या नमुन्यात चपखल बसणारे शब्द, नंबर, तारखा धबाधबा पडायच्या. पहिल्याच दिवशी काय काय पडलं विचारू नका. नुसत्या ठिपक्यांचं नाव, नुसत्या रेघांचा पत्ता, आणि फागुन महिन्याची बत्तीस तारीख. फॉर्म सगळ्याला मान डोलवत होता. अख्खं ऑफिस हसून लोळलं, ज्यांनी ते फॉर्म बनवले होते ते सोडून. प्रज्वल सरांनी सगळ्यांना मोमो खिलवले, आणि त्या दिवसापासून ते यंत्र 'आमचं' झालं. जुनुचं नाही, आमचं.

तिने फक्त एक अट घातली होती. मीटिंगमध्ये, सगळ्यांसमोर. यंत्राने काढलेले मोबाईल नंबर खऱ्या मेसेजच्या नळाला कधीही जोडायचे नाहीत. टेस्टिंग चालू तर नळ बंद. तेव्हा सर हसले होते, म्हणाले होते की खोटे नंबर आहेत गं, जुनु, उचलणार कोण? आणि ती म्हणाली होती की सर, नमुना बरोबर असला की खोटा नंबर असं काही उरतच नाही. कुणाचातरी असतोच तो. कुणीतरी उशाला घेऊन झोपलेलं असतं त्याला.

सगळ्यांनी माना हलवल्या. माना हलवायला काय जातं.

तर आता रिसेप्शनमध्ये तो क्रमांक बघून जुनुच्या लक्षात आलं सगळं. मागच्या आठवड्यात सरांनी त्या पोलंडवाल्या कंपनीच्या साहेबांना इथे बोलावून थाटात काम दाखवलं होतं. मेसेज कसा टिंग करून पोचतो ते साहेबांच्या मोबाईलवर दाखवायचं म्हणून नळ उघडला. साहेब खूश. मग एकदम किती जणांना जाऊ शकतात ते दाखवू या म्हणून सरांनी जुनुचं यंत्र लावलं. नळ उघडाच. जुनु त्या दिवशी घरी होती, कीर्तिपूरला, काकाच्या मुलीच्या लग्नात.

तिने सरांना म्हटलं, जरा आत या. आत गेल्यावर दार लावायचीसुद्धा वाट पाहिली नाही. तिने विचारलं की त्या दिवशी नळ उघडा होता का. सर म्हणाले हळू बोल. तिने पुन्हा विचारलं. सर म्हणाले की होता थोडा वेळ, लक्षात आलं तेव्हा लगेच बंद केला, आणि कुठे कुठे गेले ते नंबर त्याच संध्याकाळी पुसूनही टाकले, विषय संपला, आता कुणी काही सिद्ध करू शकत नाही.

ऐका हं. म्हणजे माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि तरी त्या माणसाला बाहेर उभं करून वर त्यालाच सांगत होते की ठगांपासून सावध राहा.

"सर, तो ठग कोण ते तुम्हाला माहीत होतं," जुनु म्हणाली.

सर चिडले नाहीत, हीच त्यांची खुबी. त्यांनी तिला समजावलं. म्हणाले की बघ, नंबर यंत्राने काढले, कुणी मुद्दाम नाही केलं. लाखात एखादा असा निघतो की ज्याने खरंच अर्ज केलेला असतो. योगायोग आहे हा, त्याला आपण काय करणार?

योगायोग. जुनुला वाटलं, डोक्याच्या शिरा फुटतील आता. ज्या देशात घरटी एक माणूस बाहेर आहे, आणि जो बाहेर नाही तो पासपोर्ट उराशी धरून वाट बघतोय, तिथे डोळे मिटून दगड भिरकावला तरी तो वाट बघणाऱ्याच्याच अंगणात पडणार. याला योगायोग म्हणायचं? हा तर आपल्या सगळ्यांचा नमुना झाला. तिने हे सगळं बोलून दाखवलं, भरभर, श्वास न घेता, आणि सर घड्याळ बघत राहिले. मग म्हणाले की त्याला परतीचं बसभाडं दे आपल्याकडून, आणि चहा पाज.

ती बाहेर आली ती तरातरा. टेकमानजवळ गेली, त्याची बॅग उचलली आणि म्हणाली, दाइ, माझ्या टेबलाशी चला.

शेजारी पासांगदाइ बसायचा, पासांग शेर्पा, वयाने मोठा आणि तोंडाने कमी. मेसेजच्या नळाच्या किल्ल्या त्याच्याकडे असायच्या. त्याने एकदा त्या वाळलेल्या टिक्याकडे पाहिलं आणि स्वतःची खुर्ची टेकमानला दिली. स्वतः मागे उभा राहिला.

जुनुने आधी त्याला चाळणी उलटी चालवून दाखवली. नमुना घातला, आणि पडद्यावर संदर्भ क्रमांकांची नुसती झड लागली. सगळे हुबेहूब त्याच्या क्रमांकासारखे, कुठल्याही जिल्ह्याचे नसलेले. ती म्हणाली की हे बघा, हे असे निघतात. आणि तिकडच्या कॉम्प्युटरलाही हाच नमुना माहीत, म्हणून तो म्हणतो बरोबर. ज्या साच्यातून काढलं त्याच साच्यात घालून बघितलं, बसणारच ना.

टेकमान बराच वेळ ती झड बघत राहिला. मास्तर माणूस, त्याने नीट समजून घेतलं. मग त्याने एक साधा प्रश्न विचारला.

"मग मला निवडलं कुणी?"

जुनुला खोटं बोलता आलं असतं. आपण सगळेच असं काहीतरी बोलतो, की बघू, चौकशी करू, होईल काहीतरी.

"कुणीच नाही, दाइ," ती म्हणाली. "तुमची निवड झालेलीच नाही. आम्ही तुमच्यावर एक नंबर फेकला."

मग तो बोलायला लागला, आणि एकदा लागला तो थांबेना. सांगत होता की मेसेज आला तेव्हा त्याने आधी दोन दिवस कुणाला सांगितलंच नाही, विश्वास बसेना. मग आमाला, आईला, सांगितलं. आमाने वाडीभर केलं. शाळेतली त्याची जागा हंगामी, ती त्याने स्वतः जाऊन सोडली, तिथे लगेच दुसरा लागलासुद्धा, तोही गरजूच, त्याला कसं म्हणायचं उठ. निघताना अख्खी वाडी आली. आमाने दही लावलं, टिका लावला, शाळेच्या पोरांनी माळा घातल्या, म्हाताऱ्यांनी दक्षिणा दिली हातात, आशीर्वाद दिले. आमच्याकडे, तो म्हणाला, असा टिका लावून निघालेला माणूस चार दिवसांत माघारी आला ना, तर लोक तोंडावर काही बोलत नाहीत. पण ठरवून टाकतात. एक तर हा फसला, म्हणजे मूर्ख. नाहीतर मुळात काही आलंच नव्हतं, ह्यानेच बनवून सांगितलं, म्हणजे लबाड. आमा उद्या पाणवठ्यावर जाईल तेव्हा तिने यातलं कुठलं सांगायचं?

"बसभाडं नको मला," तो म्हणाला. "मी मूर्खही नाही आणि लबाडही नाही, एवढं लिहून द्या. आणि ज्याने केलं त्याच्या नावाने द्या."

आणि मग म्हणाला, की बहिनी, म्हणजे धाकटी बहीण, माझ्यासारखे अजून कुणी निघाले असतील ना. कुणी उद्या निघेल. कुणी आत्ता बसमध्ये असेल.

हे जुनुला सुचलंच नव्हतं. स्वतःच्याच संतापात होती ना ती. 

प्रज्वल सर तोवर केबिनच्या दारात येऊन उभे होते. म्हणाले की हो, वाईट आहे, पण नंबर पुसलेत, कुणाकुणाला गेले ते आता ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. म्हणजे सर मोकळे. चेहरासुद्धा मोकळा, बघा तुम्ही.

आणि इथे जुनु हसली. पहिल्यांदाच. तुसडं हसली.

कारण टेस्टिंगवाल्यांची एक सवय असते. यंत्राला वाटेल तसे नंबर काढायला सांगायचे, पण सुरुवातीला एक आकडा पेरून द्यायचा, सीड म्हणतात त्याला, म्हणजे बी. बी तेच तर पीक तेच, त्याच क्रमाने, शेवटच्या दाण्यापर्यंत. नाहीतर आज सापडलेली चूक उद्या पुन्हा कशी दाखवणार? जुनुने ते बी यंत्राच्या पोटातच पेरून ठेवलेलं होतं, आणि सरांना यंत्र मिरवायला माहीत होतं, उघडून बघायला नाही. त्यांना वाटलं, वाटेल तसं म्हणजे खरंच वाटेल तसं.

तिने त्या दिवशीचा नमुना घातला आणि यंत्र चालवलं. पडद्यावर मोबाईल नंबर पडायला लागले, सगळे अठ्ठ्याण्णवने सुरू होणारे. मग टेकमानला म्हणाली, दाइ, तुमचा नंबर सांगा. त्याने सांगितला. तिने शोधला.

निघाला. मधेच कुठेतरी, दोन अनोळखी नंबरांच्या बेचक्यात, रोल्पाच्या टेकमान घर्तीचा नंबर. टेकमानने पडद्याला बोट लावलं, हळूच, जसं काही ते पुसलं जाईल.

पासांगदाइ मागून म्हणाला, की नळ किती वाहिला ते मी त्याच दिवशी सरांना सांगितलं होतं. सर म्हणाले होते गप्प बस. मी बसलो. एवढंच बोलला तो, आणि कानशिलं चोळत उभा राहिला.

सर आता भरभर चालत आले. आवाज अजूनही खालचाच, पण त्याला धार आली होती. या यादीतल्या एकाही नंबरला इथून काही जाणार नाही, म्हणाले. कंपनीचं नाव जाईल, ते पोलंडवाले काम काढून घेतील, इथली निम्मी मंडळी घरी बसतील, तुला चालेल का ते? आणि जुनुला म्हणाले की तू हे केलंस तर उद्यापासून येऊ नकोस.

आता खरं सांगायचं तर जुनु घाबरली. घरी बाबा दुकान बंद करून बसलेले, धाकटा भाऊ इंजिनिअरिंगला. निम्मी मंडळी घरी बसतील ही गोष्टही काही खोटी नव्हती. तिने आजूबाजूला पाहिलं, सगळे आपापल्या पडद्यात डोकं घालून बसलेले. तेवढ्यात टेकमानच उठायला लागला. म्हणाला की जाऊ दे बहिनी, तुझी नोकरी कशाला माझ्यापायी.

झालं. याने तर तिचं डोकंच फिरलं. म्हणजे ज्याचं सगळं गेलं त्यानेच समजूतदारपणा दाखवायचा आणि ज्याने घालवलं त्याने घड्याळ बघायचं? ती म्हणाली, बसा दाइ. आणि मेसेज लिहायला घेतला.

सरांनी पाहिलं की ही थांबत नाही, तेव्हा ते मजकुरावर आले. तांत्रिक कारणास्तव, म्हणाले. तांत्रिक कारणास्तव काही मेसेज चुकून गेले असल्यास दुर्लक्ष करावे, असं घाल निदान. जुनुने टेकमानकडे पाहिलं. टेकमानने मान हलवली, नाही म्हणून.

"माझ्या आमाला कळेल असं लिहा," तो म्हणाला.

तर मग तिने असं लिहिलं. तुमची निवड झाली असा मेसेज आम्ही तुम्हाला पाठवला होता. तो खोटा होता. तुमची काही चूक नाही, चूक आमची आहे. घरून निघाला नसाल तर निघू नका. निघाला असाल तर आम्हाला फोन करा. खाली कंपनीचं नाव, ऑफिसचा फोन, आणि प्रज्वल सरांचं पूर्ण नाव.

मग हात थांबले तिचे. नळ बंद होता, किल्ली तिच्याकडे नव्हती. ती मागे वळली. पासांगदाइने तिच्या खांद्यावरून हात लांब करून किल्लीचे आकडे घातले, आणि सरांकडे न बघता म्हणाला की या वेळी कुणाला जातायत ते माहीत आहे.

मेसेज गेले.

टेकमानचा मोबाईल टिंग झाला. शेजारच्या रांगेतली एक मुलगी, बिनिशा नावाची, तिचाही झाला. ती दचकून म्हणाली, अगं, तो अभिनंदनवाला मेसेज मलापण आला होता, मी हसून पुसून टाकला. 

टेकमानने मेसेज वाचला. पुन्हा वाचला. मग तिथेच उभा राहून घरी फोन लावला, स्पीकर चालू करून, कारण आमाला ऐकू कमी यायचं आणि शेजारपाजारच्यांनी ऐकावं असंही असणार त्याच्या मनात. तिकडून कोंबड्यांचा आवाज आला, कुणीतरी कुणाला तरी हाक मारली, आणि आमा आली. त्याने काही प्रस्तावना केली नाही. मेसेज वाचून दाखवला, शाळेत धडा वाचतात तसा, एकेक शब्द सुटा. चूक आमची आहे, हे वाक्य त्याने दोनदा वाचलं.

आमाने तिकडे कोंबड्यांना हुसकावलं.

मग आमाने विचारलं की पोरा, जेवलास का? तो म्हणाला नाही. तिने विचारलं की जवळ कोण आहे? तो म्हणाला की ज्यांनी मेसेज पाठवला त्यांच्याच ऑफिसात उभा आहे, एक बहिनी आहे, तिने खरं सांगितलं. आमा म्हणाली की तिला सांग पोटभर जेवू घाल तुला, ते तिच्याकडे लागलं. आणि ते खाली नाव वाचलंस ना, मोठं लांबलचक, तो बाबा आहे का तिथे?

टेकमानने सरांकडे पाहिलं. जुनुने पाहिलं. मग पडद्यांतली डोकी एकेक करून वर आली. एवढ्यात रिसेप्शनचा फोनही वाजायला लागला होता, आणि तो कुणी उचलत नव्हतं.

"आहे, आमा," टेकमान म्हणाला आणि मोबाईल सरांच्या समोर धरला.

सरांनी खिशातून हात काढले. घसा साफ केला, तोच गोड आवाज काढला आणि म्हणाले की नमस्कार आमा, त्याचं असं झालं की तांत्रिक...

"तूच का रे बाबा माझ्या मुलाला निवडणारा?" आमाने विचारलं.

तिकडे रिसेप्शनवर दुसराही फोन वाजायला लागला.